दारापेक्षा रुंद

“घर माझं लहान गं, लेकराच्या पसाऱ्यानं,
रान झालं घर माझं, एका त्याच्या जाण्यानं...”

लोह्याच्या माहेरी भिंतीपलीकडं केवळाबाई जात्यावर बसल्या की ही ओवी ऐकू यायची. रईसा तेव्हा झगा घालून हुंदडणारी पोर. ओवीतलं रान तिला खरंखुरं रान वाटायचं, बोरींचं, तितरांचं. आज नांदेडच्या घरात, आतल्या खोलीच्या चौकटीत हैदराबादला नोकरीवर निघालेल्या पोराचं, शारिकचं, टेबल अडकून बसलं होतं आणि तो घोगरा आवाज तिच्या कानातून हलायला तयार नव्हता.

“जरा डावीकडं घ्या. न्हाई, न्हाई, थांबा! चौकट सोलून निघून राहिली!” टेम्पोवाला भीमाशंकर ओरडला.

टेबल पुन्हा खोलीत टेकवलं. उभं करून झालं, आडवं करून झालं, कुशीवर निजवूनही झालं. साधं टेबल असतं तर पाय काढून केव्हाच बाहेर पडलं असतं. ह्याच्या पोटातच कम्प्यूटर होता. वर जाड काच, काचेखाली पंखे, तारा, हिरव्या पाट्या. शारिकनं बटण दाबलं की आत निळा उजेड पाझरायचा आणि गल्लीतल्या बाया चुली सोडून बघायला यायच्या. पोट सुटलेल्या माणसासारखं ते कुठल्याच अंगानं बारीक होत नव्हतं.

“हनीफचाचा,” भीमाशंकर घाम पुसत म्हणाला, “अख्ख्या नांदेडची दारं मोजली तुम्ही, आन् घरचंच राह्यलं व्हय? आता भिंत पाडा, न्हाईतर ह्याला घरजावई करून घ्या!”

शारिक हसला. त्याचा बाप हनीफ हसला नाही. तो टेबलाच्या कडेवरून तळवा फिरवत राहिला, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

हनीफ सुताराची रीतच वेगळी. गिऱ्हाइकाच्या घरी गेला की चहाच्या आधी दार मोजायचा, मग जिन्याचं वळण, मग बोळ. हिमायतनगरच्या एका लग्नातलं कपाट त्यानं अशा तुकड्यांत केलं होतं की वऱ्हाडाच्या जीपवर गेलं आणि नवरीच्या खोलीत पुन्हा अखंड उभं राहिलं. ‘हनीफचं लाकूड दारात अडत न्हाई,’ असं इतर सुतारही म्हणत. आणि हे टेबल? शारिकनं काढून दिलेल्या टेबलाच्या नकाशात खोलायचे सांधे होते. हनीफनं ते सगळे चिकटवून टाकले होते. धूळ नको म्हणून जोडणीही आतल्या खोलीतच केली होती.

“राहून गेलं असंल,” तो खाली बघत म्हणाला. “आजकाल ध्यानात राहत न्हाई.”

शारिकचं हसू तिथंच मावळलं.

“टेबलाचं सोडा, अब्बा. कम्प्यूटर तर निघतो. स्क्रू काढले की सगळं एका पिशवीत.”

“निघतो?” हनीफनं एकदम वर बघितलं. “आतून निघतो व्हय ते?”

“निघणार न्हाई तर काय. टेबलाला उगवला थोडीच हाय?”

हनीफ भिंतीला टेकला. लाकडात जे बसलं ते घराचं झालं, एवढंच त्याला आयुष्यभर ठाऊक होतं. रईसानं त्याचा चेहरा बघितला आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत स्वयंपाकघरात गेली.

भीमाशंकर चहा पिऊन निघाला. “कधी न्यायचं ते कळवा,” म्हणाला, “येताना पहार आणतो.” टेम्पोचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला तसा शारिक ओट्याशी येऊन उभा राहिला. डब्याचं झाकण उघडत, लावत राहिला.

“अम्मी, परवा अब्बांनी दूधवाल्याला त्याच्या बापाच्या नावानं हाक मारली. मी हसलो. आता हसू येईना झालंय.”

“माणूस चुकतो.”

“अब्बा? दाराच्या मापात?” त्यानं झाकण ठेवून दिलं. “दुसऱ्या कशात चुकले असते तर मी मानलं असतं. लातूरच्या डॉक्टरांकडं आत्ताच फोनवर उद्याचा नंबर लावलाय, मेंदूचे हायत. आन् हैदराबादला कळवून टाकतो, येत न्हाई म्हणून.”

रईसाच्या हातातली वाटी सुटली, घरंगळत मोरीपर्यंत गेली.

“इतकी वर्षं कम्प्यूटरवरच्या त्या घरांच्या चित्रांमागं डोळे फोडले तू,” ती म्हणाली. “आता बोलावलं त्यांनी.”

“मग काय करू? ह्यांना असं सोडून जाऊ? तू एकटी काय काय बघशील?”

तो अंगणात गेला. रईसानं वाटी उचलली, धुतली, पुसली, आणि पुन्हा धुतली. पोरगं राहणार होतं. सकाळी त्याचा ओला टॉवेल खुर्चीवर असणार होता, दुपारी ‘अम्मी, चहा’ ही हाक असणार होती. छातीत काहीतरी सैल झालं. आणि लगेच, विहिरीत पोहरा सुटावा तसं खाली खाली जात राहिलं.

हनीफ टेबलाशेजारी जमिनीवर बसला होता. काचेखालचा निळा उजेड विझलेला होता. ती त्याच्यापुढं उकिडवी बसली.

“त्यो नोकरी सोडून राहिलाय.”

“ऐकलं मी.”

“उद्या डॉक्टरनं विचारलं तर काय सांगणार?”

“सांगीन, विसरतो म्हणून.”

“आन् गोळ्या दिल्या तर?”

“खाईन.”

“डोकं धड असताना?”

टेबलाच्या सांध्यातून वाळलेल्या गोंदाचा एक थेंब बाहेर आला होता; तो हनीफ नखानं खरवडू लागला. असा थेंब त्यानं कधी कुणाच्या घरी राहू दिला नव्हता.

“गल्ली हसंल तुम्हांला. भीमाशंकर आत्ता चौकात सांगत असंल.”

“हसू दे की.” त्याचा आवाज अगदी लहान झाला. “जाऊ नको म्हणलं असतं तर थांबला असता का त्यो? मान हलवली असती आन् गेला असता. आता त्याच्या मनानं थांबून राहिलाय.”

“त्याच्या मनानं न्हाई. भीतीनं.”

“थांबतोय ना पण?” त्यानं तिच्याकडं बघितलं. “तुला नको हाय का?”

रईसा उठली. तिला हवं होतं. इतकं हवं होतं की ह्या प्रश्नापुढं तिला उभं राहवेना.

अंगणात शारिक निंबाच्या पारावर बसून फोनवर काहीतरी लिहीत होता. लिहायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा. उन्हं उतरली होती, पण त्याच्या कपाळावर आठ्या होत्या, घामही होता. लहानपणी ताप चढायचा तेव्हा अशाच कपाळपट्टीला आठ्या पडायच्या आणि रईसा ओली पट्टी बदलत बसायची. तिला बघून त्यानं विचारलं,

“अम्मी, मागच्या महिन्यात मी मुलाखतीला गेलो होतो, तेव्हा अब्बा ठीक होते का? हे टेबल जोडून राहिले होते तेव्हा? तुला काहीच दिसलं न्हाई?”

दाराच्या आत हनीफ येऊन उभा राहिल्याचं तिला न बघताच कळलं.

“पाठवतो आता,” शारिक म्हणाला. “उगी लांबवून काय?”

रईसानं पुढं होऊन त्याच्या फोनवर हात ठेवला. ओला हात. काचेवर पाण्याचे ठिपके उमटले.

“नको पाठवू.”

“का?”

तिनं मागं वळून हनीफकडं बघितलं. त्यानं मान हलवली, नाही म्हणून; मग डोळे मिटले.

“तुझे अब्बा काही विसरले न्हाईत, बेटा,” ती म्हणाली. “तू मुलाखतीला हैदराबादला गेलास त्या दुपारीच दार मोजलं आम्ही. त्यांच्यानं एकट्यानं टेप धरवत नव्हता. दुसरं टोक मी धरलं होतं.”