एजंटने मला आजारी पाडलं

एजंटच्या ऑफिसात खुर्चीवर बसले तेव्हा मी चांगली धडधाकट होते. त्याने लेकीचा व्हिसाचा नवा अर्ज वाचायला दिला आणि दुसऱ्या पानावर पोचेपर्यंत मी हृदयरोगी झाले होते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मॅडम, आजारी आई चालते," तो म्हणाला. "दोनदा व्हिसा का नाकारला? मुलगी शिकून परत येईल असं त्यांना वाटत नाही म्हणून. आता बघा, एकुलती एक मुलगी, वडील नाहीत, आईला हृदयविकार. परत येणार नाही तर जाईल कुठे? डॉक्टरचं सर्टिफिकेट मी बघतो. या वेळी मुलाखतही होईल, तिथे हेच बोलायचं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ड्रायव्हिंग शिकवते. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबणाऱ्यांच्या शेजारी दिवसभर बसते. हृदय नाजूक असतं तर पहिल्याच आठवड्यात माझा कारभार आटोपला असता. आणि असलं सर्टिफिकेट बाहेर फुटलं तर माझ्याकडे शिकायला येईल कोण?

"माझ्या पोरीला कृत्रिम पाय बनवायला शिकायचंय," मी टेबलावर हात आपटला. "कॉलेज दर वेळी प्रवेश देतंय. त्यात माझं काळीज कशाला?"

"प्रवेश कॉलेज देतं मॅडम. व्हिसा नाही."

मी लेकीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती.

"तुला माहीत होतं?"

"मीच हो म्हणाले," ती पुटपुटली.

त्यानंतर मी जे बोलले ते लिहिण्याजोगं नाही. खालचा झेरॉक्सवाला जिना चढून बघायला आला. मी कागद उचलले, लेकीचा दंड धरला आणि तरातरा खाली उतरले.

गाडीतही माझं तोंड चालूच होतं. कुठल्याशा ऑफिसात बसलेला कोण कुठला माणूस, माझ्या पोरीला न बघता खोटारडी ठरवतो! दोन्ही वेळा तेच छापील वाक्य. पहिल्या नकारानंतर तिने जेवण टाकलं. दुसऱ्यानंतर रडलीसुद्धा नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. वर आमच्या जाऊबाई! दर फोनला "काय झालं गं व्हिसाचं?" असं इतक्या काळजीने विचारतात की फोन आपटावासा वाटतो.

मी गाडी बाजूला घेतली. "चल, मुलाखतीची तयारी करू. मी अधिकारी. शिक्षण संपल्यावर परत येणार?"

"हो. आईची तब्येत..."

"आई ठणठणीत आहे. पुढे?"

"इथे माझं घर आहे."

"घर भाड्याचं आहे. पुढे?"

"आई, तू चिडून विचारतेयस."

"मग अधिकारी काय लाडात विचारणार आहे? परत येणार की नाही?"

शेजारून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

"बहुतेक नाही," ती म्हणाली. "तिथे काम मिळालं तर नाही येणार. पण तू आजारी असतीस तर सगळं सोडून आले असते. तेवढं एकच कारण खरं वाटलं मला. ते सांगताना अडखळले नसते."

मला सगळ्यात जास्त राग व्हिसा नाकारणाऱ्या त्या अधिकाऱ्याचा आला. मेल्याने तिला न बघता जे ओळखलं, ते मला एका घरात राहून कळलं नव्हतं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. मी ते दुसरं पान टराटरा फाडलं.

"आता तिसऱ्यांदा नाही म्हणतील," ती म्हणाली.

"म्हणू देत, चौथ्यांदा भरू. शिकायला येतेय एवढंच सांगायचं. पण मला खोटंच खाटेवर टाकून परत यायचं वचन तू कुणालाही द्यायचं नाहीस."

"आणि तुला?"

"मलाही नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की ती दचकली.