चुलीमागं एक वाटा

चौकशीची खोड मला लहानपणापासूनच. कुणाच्या घरात काय शिजतंय हे कळल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. लोक नावं ठेवतात. ठेवोत बापडे. याच खोडीमुळे दिनकरराव गुरुजींनी मला आमच्या मदत मंडळात घेतलं. "कुसुमबाई, आम्ही ओसरीच्या पुढे जाऊ शकत नाही, तुम्ही थेट चुलीपाशी बसाल," असं ते म्हणाले होते.

मंडळ गंगाखेडचं. नामांतराच्या दंगलीत जळालेल्या घरांना भांडीकुंडी द्यायला आम्ही पहिल्यांदा निघालो आणि मदत कशी देऊ नये ते तिथेच शिकलो. पुढारी दाखवील ती घरं, तो सांगेल तेवढी माणसं, वर हार घालून फोटो. ज्याचं जळालं तो बिचारा मागेच उभा. तेव्हा गुरुजींनी नियम बांधले. वाटप सगळ्यात खालच्या वस्तीपासून सुरू करायचं. घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही. आणि चुलीमागं एक वाटा. माणसं वाढवून सांगता येतात, चूल कशी वाढवणार? या नियमाचा गुरुजींना भारी अभिमान. परभणीच्या संस्थांनीही तो उचलावा म्हणून ते एसटीनं खेपा घालायचे, आणि दोन-तीन संस्था तयारही झाल्या होत्या.

त्र्याऐंशीच्या भाद्रपदात गंगा फुगली. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. काठच्या एका गावात आम्ही जाऊन आलो, चुली बघितल्या, नियम समजावून सांगितला. पुढच्या आठवड्यात ज्वारीची पोती आणि तेलाचे डबे ट्रकमध्ये भरून पुन्हा गेलो. खालच्या वस्तीचं वाटप नीट झालं. मग वरच्या आळीकडे वळलो, तर जिथे तिथे धूर. गेल्या खेपेपेक्षा दुप्पट तरी असेल.

"लबाड लेकाचे," गुरुजी चिडले. "आठ दिवसांत एवढी घरं वेगळी निघाली?"

मला राग कमी आला, नवल जास्त वाटलं. चूल घालायला काय, चिखल आणि तीन दगड पुरतात. पण भाऊ-भाऊ, जावा-जावा एका अंगणात पाठीला पाठ लावून रांधत असतील तर बोलत काय असतील? मी सरळ कडूबाईच्या अंगणात शिरले. कडूबाई विधवा, हाताशी दोन लेक. पुरानं तिच्या घराची नदीकडची भिंत नेली होती.

जुन्या चुलीपाशी थोरली सून दैवशाला होती. गोठ्याच्या भिंतीला लागून ओल्या मातीची नवी चूल, तिथे धाकटी सारजाबाई. मधोमध पोत्यावर कडूबाई, गुडघ्यावर हनुवटी टेकून.

"घरोघरी मातीच्या चुली म्हणतात," मी चिडवलं, "तुमच्यात तर एका घरात दोन!"

दैवशाला पदरात हसली. "वाटप होईस्तोवर हो, बाई. मंग मोडायची हाय. तेवडं आत्याबाईला सांगा की जेवायला. परवापसून उपास धरलाय."

"कसला उपास, मावशी?"

"हाय एक."

आता असा जबाब मिळाल्यावर मी काय उठणार? एकादशी नव्हती, चतुर्थी होऊन गेलेली, वारही बुधवार. मी एकेक विचारत गेले, ती मान हलवत गेली. शेवटी मी तिच्या पोत्यावरच बसले. सुनांकडे बघत ती हलकेच बोलली.

"कुन्या चुलीवरलं खाऊ, बाई? थोरलीचं खाल्लं की म्हातारी थोरल्याकडं गेली म्हनत्याल. धाकटीचं खाल्लं की थोरला तोंड फिरवील. ह्येंला वाटतं खोटी चूल हाय. चूल कुटं खोटी पेटती व्हय?"

खरं होतं तिचं. वेगळं निघाल्यावर म्हातारं माणूस ज्या चुलीवर पहिल्यांदा जेवतं, ते त्या लेकाच्या वाट्याला गेलं, असंच तिच्या गावात धरतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आमचा ज्वारीनं भरलेला ट्रक उभा, आणि ही बाई आमच्याच नियमापायी उपाशी.

मी गुरुजींना हाताला धरायचं तेवढं बाकी ठेवून अंगणात आणलं आणि सगळं सांगितलं.

"चुली मोजणं बंद," ते म्हणाले. "तोंडं मोजायची. घरात जाऊन, डोळ्यांनी बघून."

"आणि वाढवून सांगितली तर?" मी मुद्दामच विचारलं.

"मग तुम्ही कशाला आहात?"

बातमी आळीभर पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या अंगणांतून चुली फोडल्याचे धपाधप आवाज यायला लागले, वर हसणंही. कडूबाईचा थोरला आसाराम खोरं घेऊन आला आणि नव्या चुलीकडे निघाला. तेवढ्यात सारजाबाई उठून आडवी उभी राहिली. थोरल्या दिराशी थेट बोलायची रीत नाही, म्हणून पदर पुढे ओढून ती जावेकडे बघत बोलली.

"जाऊबाई, सांगा त्येंला. ही न्हाई मोडायची."

"अगं, खोटीच व्हती की!"

"तुमच्यासाटी आसंल. इतकी वर्सं तुमी म्हनताल ते रांधलं. ह्या चुलीवर मपल्या मनानं भाजी केली. लय बरं वाटलं मला."

दैवशालाचा चेहरा पडला. सारजाबाईचा नवरा मुंजाजी जमिनीकडे बघत उभा राहिला, पण बायकोला गप्प बस म्हणाला नाही. आसारामच्या हातातलं खोरं तसंच राहिलं.

तेव्हा कडूबाईनं मान वर केली. "गुर्जी, तोंडं मोजता म्हनलाव. मपलं तोंड कुन्या चुलीत मोजता?"

गुरुजी वळून ट्रककडे गेले आणि एका माणसाच्या वाट्याची ज्वारी वेगळ्या पिशवीत घालून घेऊन आले. लेकांकडे दिली नाही, सुनांकडे दिली नाही. म्हातारीच्या पुढ्यात ठेवली.

"तुमचं तोंड तुमचंच, कडूबाई. तुमचा वाटा तुमच्या हातात. कुठं जेवायचं ते तुम्ही ठरवा. रोज ठरवा."

आसाराम सवयीनं पिशवी उचलायला वाकला. तिनं त्याचा हात बाजूला सारला.

"ठिव. मपलं हाय ते."

पिशवी तिनं मांडीवर घेतली. सगळं अंगण तिच्या तोंडाकडे बघत होतं.

"आज धाकटीकडं जेवीन, उंद्या थोरलीकडं," ती म्हणाली. "दानं मपल्यासंगं येतील. म्हातारी कुनाच्या वाट्याला गेली म्हनून कुनी बोलायचं न्हाई." मग ती हात टेकत उठली आणि पिशवी कडेवर घेऊन नव्या चुलीपाशी जाऊन बसली. "सारजे, टाक तवा. परवापसून लय भूक लागलीया मला."