म्हसोबाचा बार

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पोरांना ध्वनी शिकवत होतो. पोरं जांभया द्यायची. नादकाटा वाजवून दाखवला तरी घड्याळाकडं बघायची. त्यामुळं बहिःशाल व्याख्यानांसाठी खेड्यात जाणारा माणूस हवाय म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला टाळ्या हव्या होत्या.

जामखेडच्या पुढं एका गावात मुक्काम पडला. तिथं पिण्याच्या पाण्याची विहीर सुरुंग लावून खोल करायचं दुष्काळी काम चालू होतं. चार दिवस टँकर फिरकला नव्हता. बाया रिकामे हंडे घेऊन विहिरीपाशी बसून असायच्या. सुरुंगाच्या वाती पेटवायचं काम आसारामचं. त्याची बायको कडूबाई वरून दगडांच्या पाट्या ओढायची.

मी ध्वनीचा मास्तर म्हटल्यावर आसाराम खुलला. म्हणाला, "मास्तर, सहा वाती पेटवल्या की आमी सात बार मोजतो. सहा आपले, शेवटचा म्हसोबाचा. त्यो समोरच्या डोंगरातून येतो. त्यो आल्याबिगर खाली कुनी उतरायचं न्हाई."

मला आयतंच सापडलं. संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं सगळा गाव जमला, तेव्हा मी तिथूनच सुरुवात केली. "डोंबलाचा म्हसोबा! तुमचाच आवाज डोंगरावर आपटून परत येतो. त्याला प्रतिध्वनी म्हणतात." सगळ्यांना डोंगराकडं तोंड करून ओरडायला लावलं. डोंगरानं ओ दिली. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "मधल्या बारांचे प्रतिध्वनी पुढच्या बारांच्या दणक्यात बुडतात. शेवटच्याचा तेवढा सुटा ऐकू येतो, एवढंच. सहा लावले तर सहा मोजा, आणि उतरा. देवाला कशाला मधे घेता?"

टाळ्या पडल्या. अशा टाळ्या मला जन्मात मिळाल्या नव्हत्या. आसारामही हसला, जरा ओशाळून. "आमी आपलं बापजाद्यांचं धरून चाललो हुतो," म्हणाला. तेव्हाच माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम विहिरीवर गेलो. आपलं शिकवलेलं कामाला आलेलं बघायचं होतं ना! आसारामनं सहा वाती पेटवल्या, सरसर वर आला आणि "बार हाय, बार!" म्हणून ओरडला. आम्ही सगळे बांधाआड बसलो. एकामागोमाग दणके बसले. सगळा गाव मोठ्यानं मोजत होता, मीही मोजत होतो. पाच झाले, आणि मग जरा थांबून सहावा. त्यानंतर शांत.

आसारामनं माझ्याकडं बघितलं. "झाले न्हवं, मास्तर?"

"झाले की. सहा लावले, सहा ऐकले."

"उतर बाबा लवकर, पानी लागलं का बघ," बायांनी घाई केली. तो उतरला. कडूबाईनं दोर सोडला. खालून पहारीचा आवाज यायला लागला. खण्ण, खण्ण.

उडाले होते पाचच. आम्ही सहावा म्हणून मोजला तो डोंगराचा होता. जुन्या हिशेबानं माणसं सातव्याची वाट बघत बसली असती, तो आला नसता, आणि त्या दिवशी विहिरीत कुणी पाय ठेवला नसता. पंधरा वर्षं ध्वनी शिकवणाऱ्या माझ्या कानांना एवढंही कळलं नाही. आसारामची पहार न उडालेल्या सुरुंगावर बसली. सहावा बार तेव्हा झाला, आणि त्याच्यामागून सातवाही ऐकू आला.

दुपारी तालुक्याहून फौजदारसाहेब पंचनाम्याला आले. कुणातरी म्हाताऱ्यानं त्यांना म्हसोबाच्या बाराचं सांगितलं. साहेबांनी मान हलवली, लिहिलं आणि वाचून दाखवलं, "मजुरांच्या अंधश्रद्धेमुळे बार मोजण्यात चूक होऊन अपघात घडला." मग कागद माझ्यापुढं सरकवला. "प्रोफेसरसाहेब, तुमच्यासारखा शिकलेला पंच मिळाला, बरं झालं. करा सही."

कडूबाई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "खोटं हाय ते. त्यांनी म्हसोबाचं सोडलं हुतं. मास्तरांनी सांगितल्यापरमानं सहाच मोजले. मास्तर, तुमी हुता की तिथं. सांगा की सायबाला."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. सगळा गाव बघत होता. सांगायचं तर एकच वाक्य होतं, की सहा मोजा आणि उतरा असं मीच सांगितलं होतं. कॉलेज डोळ्यांपुढं आलं, नोकरी आली, पेपरात नाव येईल ते आलं.

"बाईचं डोकं ठिकाणावर नाही," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. "साहजिक आहे."

मी सही केली. सवयीनं खाली पदवीही लिहिली.