आधी दाखवायची दोन घरं

आमची आत्या घरं दाखवते. विकाऊ, भाड्याची, बागेसकट, बागेविना, जशी असतील तशी. 'घर पाहावं बांधून' ही म्हण ज्यांना चांगला एजंट भेटला नाही त्यांनी काढली, असं ती म्हणते. बाबांची बदलीची नोकरी. दर दोन-तीन वर्षांनी माझी शाळा बदलायला नको म्हणून मला पाचवीत तिच्याकडे ठेवलं आणि मी तिथलीच झाले. आत्याने लग्न केलं नाही. का ते एकदा विचारलं, तर म्हणाली, एवढी घरं आतून बघितल्यावर माणूस एका घरात काय बघून शिरणार.

सुट्टी असली की मी तिच्याबरोबर घरं बघत हिंडायचे, त्यामुळे तिचे सगळे डाव मला पाठ आहेत. मुख्य डाव असा, की गिऱ्हाइकाच्या गळ्यात जे घर मारायचं ते नेहमी तिसरं दाखवायचं. आधीची दोन नुसती नाक मुरडायला असतात. पहिलं शक्यतो ओलीचं, दुसरं दिसायला झकास आणि खिशाबाहेरचं. दोन घरांनी वैतागलेलं गिऱ्हाईक तिसऱ्याच्या दारातच पाघळतं. पण आत्या खोटारडी नाही. तिचा एक नियम म्हणजे दगडावरची रेघ: न विचारता घराचा दोष सांगायचा नाही, आणि विचारला तर खोटं बोलायचं नाही. गंमत अशी, की कुणी विचारतच नाही. लोक गाडी कुठे लावायची विचारतील, शेजारी कोण आहे विचारतील, पण 'या घराचा दोष काय' असं तोंडावर विचारणारा माणूस मी पाहिला नाही. आणि घरात काहीच धड नसलं तर आत्या खोलीच्या मधोमध उभी राहून, हात पसरून म्हणायची, "मोठं आहे." घर मोठं असणं हा दोष मानणारा अजून जन्मायचाय, असं तिचं ठाम मत होतं.

मला वेड भिंतींचं. गिऱ्हाईक स्वयंपाकघरात कप्पे उघडून बघत असायचं तेव्हा मी भिंतींना तळहात लावत फिरायचे. एकाच खोलीत ही भिंत कोरडी ठणठणीत आणि शेजारची रडकी, असं का? पाऊस बाहेर पडतो तर ओल आतल्या भिंतीला कशी? असलं काही मोठ्याने विचारलं की आत्या डोळे वटारायची, कारण गिऱ्हाइकालाही कान असतात. मला ती फौजदार म्हणते ते तेव्हापासून.

शाळा संपली तेव्हा मला इमारतींचंच काहीतरी शिकायचं होतं, आणि त्यासाठी जगात एकच कॉलेज आहे असा माझा समज होता. मोठं कॉलेज. ज्याचं नाव घेतलं की पाहुणे चहाचा कप खाली ठेवतात, ते. मी फक्त तिथेच अर्ज केला आणि त्यांनी फक्त चार ओळींत नाही म्हटलं. मी दोन दिवस पांघरुणात तोंड खुपसून पडले. तिसऱ्या दिवशी आत्याने पांघरूण ओढलं आणि विचारलं, की त्या कॉलेजात मी कधी गेले होते का. नव्हते. तिथल्या एका तरी शिक्षकाशी बोलले होते का. नाही. मग मला नक्की काय नाकारलं गेलंय, असं तिचं म्हणणं. फोटो बघून जीव लावणाऱ्या गिऱ्हाइकाला ती घर दाखवायलाच घेत नाही, आधी चार ठिकाणी फिरून या म्हणते. दुरून डोंगर साजरे, हे ती दिवसातून तीनदा म्हणायची, त्या दिवशी जास्तच वेळा म्हणाली.

मग ती आठवडाभर फोनवर बसली. ओळखीपाळखी काढल्या, जुनी गिऱ्हाइकं उकरली, आणि शेवटी मला सांगितलं की तीन कॉलेजं बघायची आहेत.

तीन म्हटल्यावर माझे कान टवकारले. पहिलं होतं लांब, बसने अर्ध्या दिवसावर, एका लहानशा गावाच्या टोकाला. दुसरं नवंकोरं आणि महाग. तिसरं घरापासून चालत दहा मिनिटांवर.  मी मनात ठरवलं, की आत्याची पहिली दोन घरं आजवर कुणी नीट बघितली नाहीत, तर आपण बघू.

पहिल्या कॉलेजच्या दारातच पोपडे आलेली भिंत होती. आत्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. जुन्या इमारती दुरुस्त करायला आणि टिकवायला शिकवणारं हे कॉलेज, आणि स्वतःचीच ही अवस्था. वैद्याच्याच घरी खोकला, असं ती माझ्या कानात पुटपुटली आणि बसची वेळ विचारायला बाहेर गेली. मी आत गेले. लांबलचक खोलीत मुलं विटा रचत होती, एक मुलगी चुना कालवत होती, आणि एका भिंतीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघाच रेघा होत्या. प्रत्येक रेघेपुढे एक वर्ष लिहिलेलं. घरात मुलांची उंची दारावर लिहून ठेवतात तसं.

तिथल्या बाईंना मी विचारलं की हे काय. त्या म्हणाल्या, ही भिंत ओली होते, आणि दरवर्षीची मुलं ओल कुठवर आली त्याची खूण करतात. मग त्यांनीच मला उलट विचारलं, "तुला काय वाटतं, कुठून येत असेल?"

मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी हात लावून बघितला, वास घेतला आणि म्हणाले, जमिनीतून चढत असणार.

"चूक," बाई म्हणाल्या. "पण आमचंही बरीच वर्षं तेच मत होतं. मग पाया उकरला. कोरडा निघाला. छपरावर गेलो, तेही कोरडं. आता आम्ही सगळे मिळून अडकलोय."

त्यांना अडकल्याचा आनंद झालेला दिसत होता. माझंही डोकं भणभणायला लागलं. आत्या नवीन घर हातात घेते तेव्हा मालकाला पहिलं काय विचारते ते मला आठवलं, आणि मी तेच विचारलं: इथे आधी काय होतं? बाई म्हणाल्या, कॉलेजच्या आधी कसलंतरी कोठार होतं एवढंच माहीत आहे, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं राहिलंय, आणि मी आले तर ते काम माझं. बसची वेळ झाली म्हणून आत्याने मला अक्षरशः दंडाला धरून बाहेर काढलं. परतीच्या वाटेवर ती पोपड्यांबद्दल बोलत राहिली. मी खिडकीतून बाहेर बघत कोठारात काय काय ठेवतात याचा विचार करत होते.

दुसऱ्या कॉलेजात काचेचं वाचनालय होतं आणि एक मुलगा आम्हाला पाठ केलेलं बोलत फिरवत होता. जिन्याखाली पाण्याचा डाग दिसला म्हणून मी थांबले, तर म्हणाला की ते देखभालवाले बघतात, आणि पुढच्या मजल्यावर पळाला. नीट बघायचं ठरवलं होतं म्हणून बघितलं, पण त्या डागाखेरीज तिथे मला काही विचारावंसं वाटलं नाही.

तिसरं कॉलेज चांगलं होतं. हे मला कबूल करायलाच हवं, कारण ते वाईट असतं तर काम सोपं होतं. खिडक्यांना झाडांची सावली, शिक्षक आस्थेने बोलणारे, भिंती कोरड्या. आराखडे काढायच्या त्या मोठ्या दालनात आत्या काहीच बोलली नाही. तिसऱ्या घरात ती नेहमीच गप्प होते, घरालाच बोलू देते. बाहेर पडता पडता एवढंच म्हणाली, की काखेत कळसा आणि गावाला वळसा असं आपलं झालं. पहिल्या आणि या, दोन्ही कॉलेजांनी मला घ्यायची तयारी दाखवली होती आणि उत्तर त्याच आठवड्यात द्यायचं होतं. एकदा हो म्हटलं की पुढची पाच वर्षं तिथेच. मी हो म्हणायच्या बेतात होते. खरंच होते. घरचं जेवण, माझी खोली, आत्या. लांबच्या गावात माझं कोण होतं? एक ओली भिंत.

कँटीनच्या बाकावर चहा घेऊन बसलो तेव्हा मला राहवेना.

"आत्या, या कॉलेजचा दोष काय?"

तिने कप ओठांपाशी नेला होता, तो तसाच खाली आणला. "गिऱ्हाईक म्हणून विचारतेस की भाची म्हणून?"

"गिऱ्हाईक म्हणून."

"भाचीला थाप मारली असती." तिने कप बाकावर ठेवला. "कॉलेजात काही खोट नाही. दोष एवढाच, की हे मी तुझ्यासाठी शोधलंच नाही. संध्याकाळी तू घरी असशील, एवढंच बघितलं आणि मग बाकीची दोन त्याच्यापुढे ठेवायला शोधली."

मला राग यायला हवा होता. पण तो आला नाही. तिच्यावर इतकी माया मला एका वेळी कधी आली नव्हती, आणि ती तिला कशी सांगायची ते मला येत नव्हतं, म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला: पहिल्याचा दोष काय?

"ओल," आत्या म्हणाली. "ओलीचं पहिलं दाखवायचं, हातालाच सवय. ओलीकडेच धावत सुटणारं गिऱ्हाईक माझ्याच घरात वाढलंय, ते विसरले. बस चुकायची वेळ आली तरी तू भिंत सोडेनास, तेव्हाच कळलं डाव अंगाशी आला ते." मग तिने नाक ओढलं आणि हसली. "कळसा काखेत होता तो असा."

चहा गार झाला होता. दोघींनी तो तसाच प्यायला आणि घरी येऊन लांबच्या कॉलेजला होकार कळवला.

मला सोडायला ती आली तेव्हा वसतिगृहाच्या खोलीत शिरल्या शिरल्या तिने नळ सोडून बघितला, खिडकीची कडी तीनदा लावली-काढली, भिंतींवर टिचक्या मारल्या. माझी खोलीतली जोडीदारीण तोंडाचा आ करून बघत होती. देखरेखीच्या बाईंनी विचारलं, खोली पसंत आहे ना. आत्या मधोमध उभी राहिली. हात पसरायला जागाच नव्हती. "लहान आहे," ती म्हणाली, "बरं आहे." आणि बसकडे निघून गेली, मागे न बघता.

गावातल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी आमचं कोडं सोडवलं. ते कोठार मिठाचं होतं. वर्षानुवर्षं पोती भिंतीला टेकून होती, मीठ विटांत मुरलं होतं, आणि ती भिंत ना जमिनीतून पाणी घेत होती ना छपरातून. ती हवेतलं पाणी पीत होती. मी धावत जाऊन आत्याला फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं. ती मधे मधे विचारत होती, मग आता मीठ काढणार कसं, रंग धरेल का, अशा ओलीच्या घराला भाव किती पाडून मागावा. आवाज नेहमीसारखा होता, जरा जास्तच नेहमीसारखा. माझं सांगून झालं. तिचे प्रश्न संपले. फोन मात्र दोघींपैकी कुणी ठेवेना.

तू बरी आहेस ना, असं विचारलं असतं तर तिने भाचीला थाप मारली असती. म्हणून मी म्हणाले, "आत्या, गिऱ्हाईक बोलतंय. आपल्या घराचा दोष काय?"

 नियम तो नियम.

"मोठं आहे," आत्या म्हणाली.