उत्तरेची तार

आमच्या साखर कारखान्याचं लोखंडी धुराडं शंभर फूट उंच. चार दिशांना चार तारा ओढून ते उभं केलेलं. त्या तारांची देखभाल बारा वर्षं माझ्याकडे. उत्तरेची तार माझ्या खोलीमागं जमिनीत गाडलेली, नेमकी उसाच्या गाड्या वळतात तिथं. बहात्तर सालच्या आषाढात पावसाचा पत्ता नव्हता, नुसता वारा. तेव्हाच मॅनेजर आबासाहेबांनी ठरवलं, गाड्यांना अडते, ही तार काढायची.

"मच्छिंद्र, वळीव येतो पूर्वेकडून, हा वारा पश्चिमेचा. उत्तरेकडून कधी वारा आलाय का?"

न्हाई म्हणालो. मग तार कशाला, म्हणाले. वैशाखातल्या वादळात पत्रे उडाले, धुराडं जागचं हललं नाही, हे मला तीनदा ऐकवलं. मी सांगितलं, वादळ एकदा ढकलतं आणि सोडतं. एकाच जोरानं तासन् तास वाहणारा वारा वाईट. तो पश्चिमेचा असला तरी धुराडं दक्षिण-उत्तर झुलवतो आणि झोका वाढत जातो. ही तार नसली तर ते दक्षिणेला चाळीवर पडेल. तिथं सोळा बिऱ्हाडं.

"वारा मारतो एकीकडं आणि धुराडं जातं दुसरीकडं? दारू प्यालंय का ते?"

उद्या माणसं पाठवतो म्हणाले आणि गेले. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. पण चिडू कुणावर? आठवड्यापूर्वी मला तरी हे कुठं माहीत होतं?

माझी बायको भागिरथी धुण्याची दोरी त्याच तारेला बांधायची. दर आषाढात तिची तक्रार असायची, वादळात धुणं पडत न्हाई, साध्या वाऱ्यात पडतं, तुमची तार वढती. मी म्हणायचो, तुला गाठ मारता येत नाही. चैत्रात ती गेली. आता धुणं मीच धुतो. त्या आठवड्यात माझं धोतर तीनदा मातीत पडलं. गाठ तिचीच होती, घट्ट होती. मग मी मान वर करून बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबासाहेब दोन माणसं घेऊन आले. मी ओलं धोतर दोरीवर टाकलं आणि म्हणालो, "साहेब, तार काढा, पण आधी ही दोरी धरा."

वैतागून त्यांनी धरली. दोरी ताणायची, सैल पडायची, पुन्हा ताणायची, एका ठेक्यात. त्यांनी वर बघितलं. धुराड्याचं टोक दक्षिणेला जात होतं, उत्तरेला येत होतं. त्यांच्या हातून दोरी सुटली आणि धोतर खाली आलं.

त्यांनी माणसं परत पाठवली.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"बायकोनं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"ती बोलत हुती, साहेब. मीच ऐकलं न्हाई."

ते जायला वळले. मग म्हणाले, तार राहू दे, पण ही दोरी सोड, कारखान्याच्या तारेला धुणं शोभत नाही.

व्हय म्हणालो. ते गेल्यावर धोतर चौथ्यांदा धुतलं आणि त्याच दोरीवर वाळत घातलं.