खालचा कागद जुनाच

सून दवाखान्यात आलेल्या बायांशी बोलायची ती भिंतीकडे तोंड करून, आणि मावशींना तिच्या या वागण्याची मनस्वी चीड होती. समोर बाई लेकरू कडेवर घेऊन ताटकळतेय, आणि ही आपली भिंतीवरच्या कागदाला विचारतेय, ताप कधीपासून आहे म्हणून. कागदाला काय कपाळ असतं हात लावून बघायला?

सून तिथे सिस्टर होती आणि सासू झाडलोटीला. घरात सासू-सुना, दवाखान्यात सिस्टर आणि मावशी. आठ वर्षं हे असंच चाललं होतं.

कागद वरून, मोठ्या कचेरीतून यायचे. कुठलं औषध किती द्यायचं, सुई कुठे टोचायची, हात किती वेळ चोळून धुवायचे, सगळं त्यात लिहिलेलं. ते सिस्टरने सगळ्यांना वाचून दाखवायचे आणि मग भिंतीला लावायचे, असा नियम. पण दोन सिस्टरचं काम एकटीच्या गळ्यात पडलं तेव्हापासून वाचून दाखवणं बंद झालं. जुना कागद काढायलाही सवड नसायची. नवा आला की खळ लावून त्याच्याच डोक्यावर चिकटवायचा. भिंत पुसताना मावशींच्या हाताला ते थरच्या थर लागायचे. मावशींची शाळा दुसरीतच सुटली होती, पण कुठला कागद कुठल्यावर बसलाय हे त्या डोळे मिटून सांगू शकल्या असत्या.

आठवड्यापूर्वी त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "सिस्टर, जरा लेकराकडेही बघत जा." त्यावर सून दहा बायांदेखत म्हणाली, "आई, तुम्ही फरशी बघा." त्या दिवसापासून घरात बोलणं मीठ-पाण्यापुरतं, आणि दवाखान्यात तेही नाही.

त्या मंगळवारी तापाच्या औषधाचे दोन नवे कागद आले; जुने दोन भिंतीवर एकाखाली एक लावलेले होते. बाटली तीच, रंग तोच, पण नव्या औषधाचा जोर दुप्पट, असं पहिल्या कागदावर होतं. दुसऱ्यावर तक्ता होता, किती वजनाच्या लेकराला किती द्यायचं त्याचा. सुनेने पहिला कागद वरच्या जुन्यावर चिकटवला, आणि तेवढ्यात हात कापलेला एक सुतार रक्त ठिबकत आत आला. दुसरा कागद तिने खणात टाकला, वरून पट्ट्यांचा गठ्ठा ठेवला आणि ती सुताराकडे धावली.

फरशीवरचं रक्त पुसून मावशींनी मान वर केली तेव्हा त्यांना दिसलं. वरचा कागद कोराकरकरीत, आणि खालच्या तक्त्यावर गेल्या वर्षी उडालेल्या जांभळ्या औषधाचा डाग तसाच. जोडीने आलेले कागद जोडीने बदलतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. शब्द ओठांपर्यंत आले. मग दहा बायांदेखतचं ते बोलणं आठवलं आणि त्यांनी फडकं पिळून टाकलं.

अकराच्या सुमारास इस्त्रीवाल्याची लेक दहा महिन्यांचं लेकरू घेऊन आली. अंग नुसतं भाजत होतं. सुनेने वजन केलं, भिंतीकडे बघितलं, पाच मिली औषध तिथेच पाजलं आणि बाटली हातात दिली. सहा-सहा तासांनी एवढंच द्या, म्हणाली. नव्या औषधाचं त्या लेकराला अडीचच द्यायचं होतं.

चार वाजता पट्ट्या काढायला तिने खण उघडला, आणि तो कागद हातात घेऊन ती स्टुलावर बसली. सुनेला कामाच्या वेळी बसलेलं मावशींनी कधी पाहिलं नव्हतं.

"आई, हा तक्ता लावायचा राहिला."

"सकाळीच बघितलं मी."

"बघितलंत? मग बोलला का नाहीत?"

"फरशी बघत होते."

बोलून गेल्या, आणि आपलेच शब्द आपल्यालाच टोचले. सून भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त फोन उचलला. इस्त्रीवाल्याचा फोन बंद.

"घर मला ठाऊक आहे," मावशी म्हणाल्या. "तू डॉक्टरांना सांग. लपवू नकोस."

गुडघे सकाळपासूनच कुरकुरत होते. तीन गल्ल्या आणि एक चढ. वाटेत दोनदा भिंतीला टेकल्या, तिसऱ्यांदा टेकल्या नाहीत.

"आत्ताच दिलं की हो मावशी," ती पोरगी चमचा धुता धुता म्हणाली. "सहा तास व्हायचे होते, पण ताप चढला म्हणून थोडं आधीच."

"बाटली घे, लेकरू घे, चल."

"का? काय झालं?"

"आमच्याकडून चूक झालीय. तुझी काही नाही. चालता चालता सांगते."

डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयात फोन लावला, लेकराचं रक्त तपासायला पाठवलं आणि त्याला समोरच ठेवून घेतलं. निकाल आला तेव्हा दिवस मावळत होता. काही बिघडलं नव्हतं. लेकरू डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीचं टोक चावत होतं.

डॉक्टरांनी डोळे चोळले. "सिस्टर, तक्ता लावा आणि घरी जा. वर कळवलंत तर चौकशी लागेल. तुम्हाला नोकरीत कायम करायचं पुढच्याच महिन्यात ठरतंय. मी काही बोलणार नाही."

"दुसऱ्या दवाखान्यांतही हेच कागद गेलेत," सून म्हणाली. "तिथेही घाई असेलच."

तिने चूक कळवायचा छापील कागद काढला आणि लिहायला बसली. मावशी पाठीमागे उभ्या राहिल्या. तिचं अक्षर आज वाकडं येत होतं. शेवटी एक ओळ होती, चूक आधी कुणाच्या लक्षात आली होती काय. सुनेने तिथे एकच शब्द लिहिला.

मावशींनी बोट ठेवून अक्षरं लावली. ना. ही.

"आई, तुमची निवृत्ती जवळ आलीय," सून खालमानेने म्हणाली. "राहू दे."

मावशींनी दुसरं स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर टेकल्या. त्याही दमल्या होत्या.

"खोड ते. तू घाईत चुकलीस, मी चांगली बघून-सवरून चुकले. माझी चूक मोठी. तू उर्मट आहेस, हे मी मरेपर्यंत म्हणणार, आणि तुला ते ऐकावं लागणार. पण लबाड नाहीस, आणि माझ्यापायी आज लबाड होऊ नकोस. लिही तिथे, मावशीने सकाळीच बघितलं होतं, आणि सुनेवरच्या रागाने गप्प बसली."