फ्रीजमधली किल्ली

"डोक्यावर सारखा कुणीतरी झाडू धरलाय असं वाटतं गं. बोलू की शिंकू तेच कळत नाही."

सिनेमात सासूचं काम करणारी बाई शेजारच्या खोलीत केस विंचरून घेता घेता मेकअपवालीच्या कानाशी कुजबुजत होती. पण तिच्या गळ्याशी टाचलेला बारका माइक चालूच होता. त्यामुळे तो झाडू ज्या बाईच्या हातात होता, तिच्या हेडफोनमध्ये शब्दन् शब्द लख्ख पोचला. झाडू म्हणजे बूम. लांबलचक काठी, तिच्या टोकाला फोमची टोपी घातलेला माइक. तो बोलणाऱ्याच्या डोक्यावर, पण कॅमेऱ्याला दिसणार नाही असा धरायचा. युनिटमध्ये तिला सगळे काठीताई म्हणत.

"ती मशीनवाली बरी," बाई पुढे म्हणाली. "काल माझं पोट गुरगुरलं, तर आपण होऊन बिस्किट घेऊन आली. नाहीतर ही काठी..."

इथे आवाज तुटला. बाहेर पॅसेजमध्ये आवाज भरायच्या मशीनपुढे बसलेल्या तिच्या वहिनीनं तो माइक बंद केला होता.

नियमच होता तसा. काठीताईच्या दादानं घालून दिलेला. माणसं अंगावरचा माइक विसरतात, म्हणून आपण आपली पायरी विसरायची नाही. कानात आलेलं तोंडात आणायचं नाही. काठीताईला हा नियम वहिनी लग्न होऊन घरात यायच्या आधीपासून पाठ होता. तरी तिच्या मनात आलंच, की बंद केलंस ते ठीक, पण माझ्या कानात काय यावं हे ठरवणारी तू कोण?

दादानं पहिलं मशीन आणलं तेव्हा काठी धरायला माणूस नव्हता, म्हणून तिनं धरली. ती आजतागायत खाली ठेवली नव्हती. खांदा भरून यायचा, मानेला गाठ आली होती, पण नट श्वास कधी घेणार हे तिला त्याच्या आधी कळायचं. आणि वहिनी? शाळेतली नोकरी सुटली म्हणून घरी बसून कंटाळली, आणि "मला पण शिकवा ना" म्हणाली. वयानं लहान, मानानं मोठी. कानामागून आली आणि तिखट झाली, असं काठीताई आरशासमोर एकदा मोठ्यानं म्हणाली होती. बरं वाटलं होतं.

आता दादाला लांबच्या गावी एक मोठं काम लागलं होतं, आणि इथलं सिनेमाचं काम दोघींपैकी एकीनं मशीनवर बसून सांभाळायचं होतं. कुणी, ते तो सांगत नव्हता. जेवताना विचारलं तर "बघू". काठीताईनं वाढलं तरी "बघू", वहिनीनं वाढलं तरी "बघू". आज संध्याकाळी येऊन दोघींचं काम ऐकतो आणि सांगतो, एवढंच म्हणाला होता.

शूटिंग एका भाड्याच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात होतं. सकाळी वहिनीनं फ्रीज बंद केला, कारण फ्रीज घरघरतो आणि घरघर संवादाच्या अंगाला चिकटली की निघत नाही. मग तिनं गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा फ्रीजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी ठेवला. हीही दादाची शिकवण. जो फ्रीज बंद करतो त्यानं गाडीची किल्ली आत ठेवायची, म्हणजे निघताना किल्ली काढायला दार उघडावंच लागतं, आतला अंधार दिसतो, आणि परक्याच्या घरातलं दूध नासत नाही.

"बघा ताई, विसरले नाही," वहिनी म्हणाली होती.

"त्यात काय. लहान मूलसुद्धा ठेवील," काठीताई म्हणाली होती.

दुपारी लाइटवाले सामान हलवत होते, तेव्हा काठीताई पाणी प्यायला आत गेली. आत कुणी नव्हतं. तिनं फ्रीज उघडला, जुडगा उचलला, रुमालात गुंडाळला आणि जाकिटाच्या खिशात घातला. म्हणजे आता वहिनी किल्ली शोधत घरभर फिरेल, या गडबडीत फ्रीज बंदच राहील, घरमालकीण दादाला फोन करील. मग बघू म्हणावं काय ते.

प्रसंग संपला. दिग्दर्शक म्हणाला, "छान. आता खोलीची शांतता घ्या."

प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. सिनेमाचे तुकडे जोडणाऱ्याला संवादांच्या फटी बुजवायला तीच लागते, म्हणून सगळ्यांनी जागच्या जागी पुतळे होऊन ती थोडा वेळ भरून घ्यायची. काठीताईनं काठी उंच धरली. हेडफोनमध्ये फक्त खोली होती. तिच्या ओळखीची, भरीव, स्वच्छ.

"थांबा," पॅसेजमधून वहिनी म्हणाली. "काहीतरी वाजतंय."

"काय?" दिग्दर्शक.

वहिनी दारात आली. हेडफोन कानावर तसेच. तिनं छताकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, आणि मग काठीताईच्या जाकिटाकडे. नजर तिथं क्षणभरच थांबली.

"पाइपमध्ये पाणी असेल," ती म्हणाली. "ताई, जाकीट काढता का? गरम होत असेल. पुन्हा घेऊ."

काठीताईनं जाकीट काढून बाहेर खुर्चीवर टाकलं. दुसऱ्यांदा घेतलेली शांतता तिला पहिलीसारखीच वाटली. अगदी तशीच. वहिनी मात्र मान हलवून म्हणाली, "हं. आता गेलं."

दादा आला तेव्हा युनिट पांगलं होतं. तो मशीनपाशी बसला, हेडफोन चढवले, दिवसभराचं थोडं थोडं ऐकलं. मग पहिली, वाया गेलेली शांतता लावली. लावली आणि तिथंच थांबला.

"हे काय?"

"पाइप," वहिनी म्हणाली.

"पाइप?" दादानं दोघींपैकी कुणाकडेच पाहिलं नाही. "बरं. असेल. चला, किल्ली आण."

वहिनीनं फ्रीज उघडला. आत अंधार, दुधाची पिशवी, किल्ली नाही. ती वळलीसुद्धा नाही. "मीच कुठंतरी ठेवली वाटतं. हल्ली माझं डोकं ना," म्हणत तिनं आपली पिशवी ओट्यावर पालथी केली आणि शोधू लागली. इतकं वाईट नाटक सासूचं काम करणाऱ्या बाईनंही कधी केलं नसेल.

काठीताईला आधी रागच आला. हे उपकार कुणी मागितले होते? चोरी पकडलीस तर तोंडावर बोल ना. पण ती वाकून रिकामी पिशवी झटकणारी पाठ तिला बघवेना. ती बाहेर गेली, जाकिटातून रुमाल काढला आणि आणून ओट्यावर सोडला. किल्ल्या खळकन वाजल्या.

वहिनी सामान पिशवीत परत भरू लागली, दादा हेडफोनची वायर गुंडाळू लागला. तिघंही नियम पाळणारी माणसं.

"असू दे," दादा घाईघाईनं म्हणाला. "चला, निघू. मशीनचं मग घरी बघू."

काठीताईनं फ्रीजचं बटण दाबलं. फ्रीज एकदा हादरला आणि घरघरू लागला.

"काय बघू?" ती म्हणाली. "दादा, तोच आवाज माझ्याही कानात येत होता. खिसा माझा. किल्ली मी माझ्या हातानं रुमालात बांधलेली. आणि मला ती ऐकू आली नाही. दोन्ही वेळची शांतता मला सारखीच वाटली. हिला भिंतीपलीकडून आली." तिनं काठीची टोपी काढून हातात घेतली, उगाचच दाबून पाहिली. "तू किती दिवस 'बघू बघू' करतोयस, ही पाइप पाइप करतेय. म्हणा ना कुणीतरी. हिचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे."